नऊ वाजून दहा मिनिटांची गोळी

१

घड्याळजी पोटाने गेला, आणि पोटाचं औषध रोज घेत असताना गेला. शहात्तर वर्षांच्या माणसाचं मरण लवंगीबाईंनी कसंबसं पटवून घेतलं असतं. हे दुसरं त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

घड्याळजी म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, त्यांचा दादा. पन्नास वर्षं त्याने लोकांची घड्याळं दुरुस्त केली. गुडघे कामातून गेले, जिना उतरेना, तेव्हा तो वृद्धनिवासात राहायला गेला. परवा सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली आणि रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात सगळं आटोपलं. डॉक्टर म्हणाले, जठरात मोठा व्रण होता, त्यातून रक्त गेलं. मग कागद चाळत ते सहज म्हणाले, "आम्ल कमी करायची गोळी रोज चालू होती म्हणता? व्रण बघून तसं वाटत नाही."

त्या एका वाक्याने लवंगीबाईंची दोन दिवस झोप उडवली. मोठ्या रुग्णालयाच्या औषधविभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. बुटक्या, काटक आणि जिभेने तिखट, म्हणून तिथल्या पोरांनी त्यांचं नाव लवंगीबाई ठेवलं आणि तेच चिकटलं. आपल्या हातून एकही चुकीची बाटली कधी खिडकीबाहेर गेली नाही, हे त्या न विचारता कोणालाही सांगत.

गेले दोन महिने दादाला गुडघ्यांसाठी रोज दुखणं थांबवणारी गोळी लागायची. ती गोळी जठराच्या आतल्या अस्तराला खाते, म्हणून तिच्या जोडीला आम्ल रोखणारी पिवळी गोळी दिलेली होती. एक गोळी खड्डा खणणार आणि दुसरी राखण करणार, असा हिशोब. राखणदार रोज कामावर होता, तर खड्डा एवढा खोल कसा गेला?

"मी सांगतो कसा गेला," भाचा गाडी चालवता चालवता म्हणाला. दादाचा हा एकुलता एक मुलगा, दोन दिवसांत सुकून गेला होता. "त्या सिस्टरने गोळ्या ढापल्या, आत्या. तिच्या पिशवीत सापडल्या. आज चार वाजता विश्वस्तांची बैठक आहे. तिला काढणार आणि तिची नोंदणी रद्द व्हावी म्हणून तक्रारही करणार. तू औषधातली जाणकार. तू बोललीस की विषय संपला."

"बोलते ना," लवंगीबाई म्हणाल्या. "तिची अशी हजेरी घेते की जन्मात विसरायची नाही."

वृद्धनिवासाच्या व्यवस्थापकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून दुःख व्यक्त केलं. कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं अगदी तुपातलं. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसांचं लवंगीबाईंशी कधी जमलं नव्हतं, पण आज त्यांना त्यांच्याशी भांडायचं नव्हतं.

"चव्वेचाळीस रहिवासी आहेत आमच्याकडे," व्यवस्थापक म्हणाले. "प्रत्येक गोळीसमोर सिस्टरची सही असते. मी तक्ता तपासला, एकही खाडा नाही. म्हणजे कागदावर दिल्या आणि प्रत्यक्षात स्वतःच्या पिशवीत घातल्या. विश्वास ठेवला हीच आमची चूक."

त्यांनी खणातून एक लिफाफा काढला. आत अर्धी वापरलेली पिवळ्या गोळ्यांची पट्टी होती. भाच्याने तोंड फिरवलं. लवंगीबाईंनी चष्मा चढवला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. मग त्यांनी दादाच्या खोक्यातली पट्टी मागवली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या.

दादाची गोळी चाळीस मिलिग्रॅमची होती. सिस्टरच्या पिशवीतली वीसची.

२

"चाळीसच्या पट्टीतून वीसची गोळी कशी चोरतात, ते जरा मला सांगा," लवंगीबाई म्हणाल्या.

व्यवस्थापक हसले. "दुसऱ्या कोणाची तरी घेतली असेल, मॅडम."

"इथे वीसची कोणाला आहे?"

त्यांनी तक्ता पाहिला, दोनदा पाहिला. वीसची कोणालाच नव्हती. "तपशील आहेत हो," ते म्हणाले. लवंगीबाईंच्या कपाळावरची शीर तटतटली. तपशील पाहूनच त्यांनी आयुष्यभर पोट भरलं होतं.

सिस्टर वरच्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीत बसली होती. वय असेल पंचवीस-सव्वीस. रडून झालं होतं आणि आता चेहरा नुसता बंद होता.

"वीसची गोळी कोणाची?" लवंगीबाईंनी उभ्या उभ्याच विचारलं.

"माझी. जेवणाच्या वेळा सांभाळल्या जात नाहीत, पोटात आग पडते. आमच्या घराजवळच्या दवाखान्यातून लिहून आणलीय."

"कधी घेतेस?"

"सकाळी उठल्याबरोबर, पाण्याबरोबर. अर्ध्या तासाने खाते."

उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, त्यामुळे लवंगीबाईंना उलट जास्तच राग आला. ज्या मुलीला एवढं कळतं, तिच्या देखरेखीखाली दादा मरतो कसा?

"मग माझ्या भावाची गोळी तूच त्याला दिलीस?"

"मी सही केली, बाई."

"ते मी विचारलं नाही."

सिस्टरने हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "मी सही केली," तिने पुन्हा तेच म्हटलं. मग म्हणाली, "नोंदवही बघा. मागच्या महिन्याची अठरा तारीख. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते पान बघा."

लवंगीबाई तरातरा खाली आल्या. नोंदवही बाहेरच्या टेबलावर होती. अठरा तारखेला सिस्टरच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'घड्याळजी आजोबा, शौचाला काळं होतं, डांबरासारखं. डॉक्टरांना आजच कळवावं.' त्याच्या खाली हिरव्या शाईत, ऐटबाज वळणात दुसरं अक्षर होतं: 'लोहाच्या गोळ्यांमुळे. कळवण्याची गरज नाही.' हिरव्या शाईचं पेन व्यवस्थापकांच्या खिशात त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो, हे खरंच आहे. लवंगीबाईंनी स्वतः ते हजार जणांना सांगितलं होतं, घाबरू नका म्हणून. पण जठरातून रक्त झिरपलं तरी शौचाला काळंच होतं. दोन्हींतला फरक ओळखायला आधी एक साधी गोष्ट बघायची असते, आणि ती त्यांनी तक्त्यात बघितली.

दादाची लोहाची गोळी त्याच महिन्यात तीन तारखेलाच बंद झाली होती. म्हणजे ते काळं लोहाचं नव्हतं, माणूस आतून रक्त गाळत होता, आणि कोणीतरी हिरव्या शाईने त्याच्यावर झाकण घातलं होतं.

३

भाचा दादाच्या खोलीत सामान भरत होता. खाटेवर सदरे, एक स्वेटर आणि कापडात गुंडाळलेले पकड-चिमटे. टेबलाच्या खणातून त्याने छोट्या छोट्या वह्या काढल्या.

"हे काय करायचं? नुसत्या वेळा लिहिल्यात बाबांनी. कधी उठलो, कधी झोपलो."

"इकडे आण त्या," लवंगीबाई म्हणाल्या.

सगळा जन्म घड्याळांत काढलेला माणूस. दिवसाची प्रत्येक गोष्ट त्याने मिनिटासकट लिहून ठेवली होती, इतकी की वाचताना हसू यावं. हसण्याच्या मनःस्थितीत मात्र खोलीतलं कोणीच नव्हतं. लवंगीबाईंनी शेवटचे दोन महिने वाचायला घेतले.

'८.३०. नाश्ता. ९.१०. औषध. कडू.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी 'फार कडू'. मग 'पोटात आग. मॅनेजरांनी पांढरं पातळ औषध दिलं. तासभर बरं.' मग 'शौचाला काळं झालं. सिस्टरला सांगितलं, तिने लिहून घेतलं.' मग पुन्हा 'पांढरं औषध. तासभर बरं.' हे ओळीने अकरा दिवस.

"बघ," भाचा म्हणाला, "आग होत होती म्हणजे गोळी मिळत नव्हतीच. त्या बाईनेच—"

"गप्प बस जरा. तुझा बाप इथे काहीतरी सांगतोय." लवंगीबाईंनी वही त्याच्या नाकासमोर धरली. "तीन गोष्टी सांगतोय. पहिली, औषध त्याच्या तोंडात रोज जात होतं. न दिलेलं औषध कडू लागत नाही. म्हणजे चोरी झालेलीच नाही. दुसरी, वेळ. ही गोळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची, आणि इथे खाऊन चाळीस मिनिटं झाल्यावर देतायत. बापाच्या वेळा बघायच्या सोडून सदरे कसले मोजतोस?"

"आणि तिसरी?"

"तिसरी मला कळत नाहीये, म्हणून तर डोकं फिरलंय. या गोळीवर गुळगुळीत पिवळा थर असतो. पाण्याबरोबर गिळली तर तिला चवच नसते. मी खिडकीत बसून लाखो दिल्या असतील, एकानेही कधी कडू म्हटलं नाही."

भाच्याने विचारलं, "नकली असतील?"

तेही बघायला हवं होतं. बघायची सोय स्वयंपाकघरात होती. लवंगीबाईंनी दादाच्या पट्टीतल्या चार गोळ्या हातात घेतल्या आणि त्या जिना उतरल्या.

४

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशी बटाटे सोलत होत्या. सगळं निवास त्यांना मावशीच म्हणायचं, विश्वस्तांपासून पाहुण्यांपर्यंत. लवंगीबाईंनी त्यांच्याकडे दोन काचेचे पेले, व्हिनेगरची बाटली आणि खायचा सोडा मागितला.

"कोशिंबीर करताय काय?" मावशींनी विचारलं.

"चौकशी करतेय."

एका पेल्यात त्यांनी व्हिनेगर ओतलं, तेवढंच आंबट जेवढं साधारण जठर असतं. दुसऱ्यात सोड्याचं पाणी केलं, आतड्यासारखं. दोन्हीत एकेक गोळी टाकली आणि स्टूल ओढून बसल्या. गोळी खरी असेल तर व्हिनेगरमध्ये ती ढिम्म राहायला हवी आणि सोड्यात विरघळायला हवी. याला अर्धा तास तरी लागणार होता. तेवढ्यात मावशींनी तक्रारीची पोतडी सोडली, कारण ऐकणारं माणूस त्यांना बऱ्याच दिवसांनी सापडलं होतं.

"एवढीशी माणसं, चिमणीएवढं खातात. नाश्त्याला पाव मागे राहतो. आणि जॅम बघा, दोन दिवसांत बरणी खडखडीत. वरून मलाच विचारतात, मावशी, जॅम जातो कुठे? अरे, तुम्हीच सांगितलंत ना कालवायला."

"काय कालवायला?"

मावशींचा हात बटाट्यावर थांबला. नको तिथे बोलून गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं.  लवंगीबाईंची नजर मावशींच्या पाठीमागच्या फळीवर गेली होती. तिथे दोन खलबत्ते होते. एकाच्या कडेला मिरपूड दिसत होती. दुसऱ्याच्या तळाशी पांढरट भुकटी घट्ट बसली होती, आणि त्या पांढऱ्यात पिवळे पापुद्रे चमकत होते.

लवंगीबाईंनी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. कडूजहर. दादाने दोन महिने रोज लिहिलेला शब्द आता त्यांच्या तोंडात होता. 

"मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज ओरडण्याहून वाईट असे, "हे तुम्ही कुटता?"

"मी नाही तर कोण? दोन वर्षं झाली. एका आजीच्या घशात गोळी अडकली होती, तेव्हापासून साहेबांचा नियम. सकाळी चव्वेचाळीस वाट्या येतात, ज्याच्या त्याच्या गोळ्या घालून. नाश्ता आवरला की कुटायचं, जॅममध्ये कालवायचं, नऊनंतर चमच्याने भरवायचं. आधी दोन सिस्टर होत्या, एकेकाजवळ बसून गिळवायच्या. नियम आला त्याच महिन्यात एकीला घरी बसवली. राहिली ती एकटी जखमा बांधणार, इंजेक्शनं देणार की वाट्या फिरवणार? वाट्या मी फिरवते आणि संध्याकाळी ती सह्या करते."

"ती काही बोलली नाही?"

"बोलली की. सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात म्हणाली. साहेब म्हणाले, सही जमत नसेल तर दार उघडं आहे. तिच्या आईचं आजारपण तिच्या पगारावर चाललंय. आता तिने सांगायचं तरी काय? न देता दिल्याच्या सह्या केल्या म्हणून?" मावशींनी पदराने डोळे पुसले. "मला काय ठाऊक बाई, गोळी कुटून बिघडते? मिरी कुटली तर चांगलीच लागते."

लवंगीबाईंनी पेल्यांकडे पाहिलं. सोड्यातली गोळी फुटून पाणी गढूळ झालं होतं. व्हिनेगरमधली जशीच्या तशी होती, नव्या बटणासारखी. गोळ्या अस्सल होत्या. मग त्यांनी तिसऱ्या पेल्यात व्हिनेगर घेतलं, एक गोळी खलबत्त्यात कुटली आणि तो चुरा आत टाकला. थोड्या वेळात पेला पिवळा झाला, आणि मग गढूळ तपकिरी व्हायला लागला.

"ह्या माणसाला मी सोडत नाही," त्या म्हणाल्या.

"साहेब म्हणतात, त्यांच्याकडे कागद आहेत," मावशी चाचरत म्हणाल्या. "घरच्यांच्या सह्यांचे. कुटून द्या म्हणून."

"कोणत्या गाढवाने असल्या कागदावर सही केली असेल?"

मावशींनी खांदे उडवले आणि पुन्हा बटाटा हातात घेतला.

५

चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. व्यवस्थापकांनी लवंगीबाईंचं सगळं बोलणं मान डोलावत ऐकून घेतलं. चाळीस आणि वीस, हिरवी शाई, वही, खलबत्ता. मध्ये एकदाही तोडलं नाही. भाचा भिंतीला टेकून उभा होता.

"आणि ते पांढरं औषध," लवंगीबाई म्हणाल्या. "ते झालेलं आम्ल तासभर मारतं, बस. व्रण बरा करायची त्याची ताकद नाही. आग दबली, दादा गप्प बसला आणि तुम्हाला शांतता मिळाली. एक माणूस मेला, तर तुम्ही एका पोरीच्या पिशवीत हात घातलात. लाज नाही वाटली?"

"संपलं?" व्यवस्थापकांनी विचारलं. त्यांनी कपाटातून एक फाईल काढली, त्यातला एक कागद वेगळा केला आणि टेबलावरून सावकाश सरकवला. "मी हिशोबाचा माणूस, मॅडम. गोळीवरचा थर मला काय कळतो? एक आजी गुदमरता गुदमरता वाचल्या, घाबरून नियम केला. पण परस्पर नाही केला. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक घराची लेखी संमती घेतली. कलम अकरा, वाचा."

'रहिवाशाच्या सुरक्षिततेसाठी सर्व औषधे कुटून अन्नात मिसळून देण्यास माझी संमती आहे.' खाली सही होती. नातं: बहीण. व्यवसाय: औषधनिर्माता, निवृत्त.

लवंगीबाईंना स्वतःची सही ओळखायला चष्मा लागला नाही. वर्षापूर्वी भाचा परगावी असताना दादाला इथे आणून सोडलं होतं ते त्यांनीच.

"चव्वेचाळीस घरांनी सह्या केल्या," व्यवस्थापक त्याच मऊ आवाजात म्हणाले. "त्यात औषधातलं कळणारं माणूस एकच होतं. तुम्ही सही केलीत तेव्हा मला उलट धीर आला. म्हटलं, चला, जाणकार बाईंनाही चूक दिसली नाही. मग ती सिस्टर कुरकुर करायला लागली, तेव्हा तिला मी तुमचाच कागद दाखवला."

 बाहेर विश्वस्तांच्या गाड्या यायला लागल्या होत्या.

"हा कागद फाईलमध्येच राहू शकतो," व्यवस्थापक म्हणाले. "सिस्टर तरुण आहे. कुठेतरी लागेल. तुम्ही फक्त म्हणायचं, मला यावर मत नाही. खलबत्ता मी आजच फेकून देतो, उद्यापासून गोळ्या अख्ख्या. तुम्हाला हवं ते झालं आणि तुमचं एकतीस वर्षांचं नावही राहिलं."

त्यांच्या बोलण्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की ते करणं अगदी सोपं होतं. नोंदणी गेलेल्या मुलीला कुठेही काम मिळत नाही, हे लवंगीबाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्या नावाशिवाय आता आपल्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही, हेही ठाऊक होतं.

"आत्या," भाचा भिंतीपासून म्हणाला, "ही तुझीच सही आहे?"

त्यांनी कागद उचलला, घडी केली आणि त्या बैठकीच्या खोलीकडे निघाल्या. व्यवस्थापकांना वाटलं त्या तो फाडणार, म्हणून त्यांनी अडवलं नाही.

६

लांब टेबलाभोवती पाच विश्वस्त होते. मधोमध अध्यक्ष, केस पूर्ण पांढरे, कानाला यंत्र. सिस्टर टोकाच्या खुर्चीवर, व्यवस्थापक अध्यक्षांच्या उजव्या हाताला. भाचा दारातच उभा राहिला. मावशींनी तीन पेले आणि खलबत्ता ताटात घालून आणला, तेव्हा एका विश्वस्तांना वाटलं चहा आला.

"सिस्टरबद्दल तुमचं काय म्हणणं आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी गोळीबद्दल ऐका," लवंगीबाई म्हणाल्या. "ही पिवळी गोळी जठरात काम करत नाही, तिथून नुसती पुढे जाते. वरचा थर आम्लाला दाद देत नाही. हा पेला बघा, तासाच्या वर झाला, गोळी तशीच आहे. आतड्यात गेली की थर विरघळतो, हा दुसरा पेला. तिथून औषध रक्तात शिरतं, आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या भिंतीपाशी येतं. त्या भिंतीत आम्ल सोडणारे पंप आहेत, ते बंद करतं. पंप खाण्याबरोबर सुरू होतात, म्हणून औषध अर्धा तास आधी हजर लागतं. आता ती कुटा. थर गेला. मग पंपापर्यंत पोचण्याआधी आम्लच तिचा निकाल लावतं. हा तिसरा पेला."

अध्यक्षांनी तपकिरी पेला उचलून उजेडात धरला आणि खाली ठेवला.

"माझ्या भावाला दोन महिने रोज औषध मिळालं आणि एक दिवसही लागू पडलं नाही. वर दुखण्याची गोळीही कुटलेली. तिच्यावरही थर असतो, पोटाला जपण्यासाठी, तोही गेला. त्याला शौचाला काळं झालं तेव्हा एकाच माणसाने लिहिलं की डॉक्टरांना कळवा, आणि ती ही सिस्टर. तिच्या शब्दांखाली हिरव्या शाईने 'गरज नाही' लिहिलं ते या साहेबांनी. तेव्हा लोहाची गोळी बंद होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तक्ता यांच्याच टेबलावर होता. पिशवीतली गोळी वीसची आहे, इथे कोणालाच वीसची नाही. तिने चोरी केलेली नाही. न देता सह्या केल्या, ती तिची चूक. ती चूक कोणी करायला लावली, ते तिला विचारा, आता ती सांगेल."

सिस्टरने मान वर केली. व्यवस्थापक खाकरले. "अध्यक्ष महाराज, एक छोटी गोष्ट राहिली. कुटण्याला नातेवाइकांची लेखी—"

"मीच सांगते," लवंगीबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी उलगडली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवली. "सही माझी. औषधनिर्माता म्हणून केलेली. चौकशी लागेल तेव्हा नावं लिहाल, तर माझं पहिलं लिहा आणि या साहेबांचं दुसरं. मला सोडायचं म्हणून यांना सोडलंत तर मी हाच कागद घेऊन बाकीच्या त्रेचाळीस घरांची दारं वाजवीन. त्यांनाही कळू दे, आपण कशावर सही केली ते."

बोलताना त्यांचा आवाज चिरकला. रडण्याने नव्हे, रागाने. आणि तो राग आता एका कोणावर ठेवता येईना इतका झाला होता. अध्यक्षांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, कलम अकरा दोनदा वाचलं आणि शेजारच्या विश्वस्तांना म्हणाले, "तक्रारीचा मसुदा फाडा. आणि उद्याच्या सकाळच्या गोळ्यांचं आधी ठरवा." मग ते व्यवस्थापकांकडे वळून म्हणाले, "चाव्या इथे ठेवा."

व्यवस्थापकांनी चाव्या ठेवल्या. या खेपेला त्यांना गोड काही सुचलं नाही.

सिस्टर उठून जवळ आली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण लवंगीबाईंनी हात आडवा केला. "आभार मानू नकोस. सकाळी मी तुला फासावर द्यायलाच आले होते."

बाहेरच्या व्हरांड्यात भाचा दादाची पेटी घेऊन उभा होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

"वाचलं नव्हतंस ना तू?" त्याने विचारलं. "सही करताना. घाईत राहून गेलं असेल."

ही पळवाट त्याने मायेने ठेवली होती. लवंगीबाईंना ते दिसत होतं.

"मी नव्हतं वाचलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी वाचलं होतं, ओळ न् ओळ. अकराव्या कलमावर बोट ठेवून मला विचारलं, छोटे, सगळ्या गोळ्या कुटून चालतात का गं?"

"मग?"

"मी म्हटलं, एकतीस वर्षं औषधं बघतेय, आता तू मला शिकवणार? सही करू दे, माझी बस जाईल."

 भाच्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि तो पायऱ्या उतरून गाडीकडे गेला. लवंगीबाई त्याच्या मागे गेल्या नाहीत. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या व्हरांड्यातच उभ्या होत्या.